मुंबईच्या अंगणात मँगोस्टीन: खत नंतर, आधी पाणी

प्रश्न थोडक्यात असा. विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या ताईंकडे इमारतीच्या मागे थोडी मोकळी जागा आहे, तिच्या एका कडेला जुना आंबा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी केरळहून मँगोस्टीनची, म्हणजे जांभळ्या सालीच्या आणि पांढऱ्या गराच्या त्या फळाची, दोन रोपं आणली. ती अजून पिशवीतच आहेत, जेमतेम वीतभर वाढलीत आणि फेब्रुवारीपासून पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्यात. खत वाढवून पाहिलं तर आणखी करपल्या. त्यांना विचारायचंय की हे झाड मुंबईत जगतं का, फळ कधी धरेल, कोकमावर कलम केलं तर लवकर येईल का, आणि एक रोप गच्चीवर ड्रममध्ये लावलं तर चालेल का.

ताई, झाड जगतं. फळाचं पुढे बोलू, कारण त्याचं उत्तर झाडापेक्षा तुमच्या सोसायटीवर जास्त अवलंबून आहे.

तुम्ही खत कुठलं घातलं, किती घातलं, फवारणी कशाची केली, सगळं नीट लिहिलंय. पाणी कुठलं घालता ते मात्र कुठेच नाही. पार्ले-अंधेरीकडच्या पुष्कळ सोसायट्यांत बागेचा नळ बोअरवर जोडलेला असतो. पिण्याचं पाणी झाडांना कशाला, असा साधा हिशेब असतो. जास्वंदीला, तगरीला, नारळाला ते चालून जातं. मँगोस्टीनला चालत नाही. या झाडाची मुळं मुळातच दुबळी. इतर झाडांच्या मुळांवर केसासारखे बारीक मूलरोम असतात, ते इथे जवळजवळ नसतातच. सोटमूळ लांब जातं, पण बाजूची मुळं थोडी आणि हळू वाढणारी. मातीत क्षार साचले की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि त्याचा पहिला पुरावा पानाच्या टोकाला आणि कडांना दिसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिशवीतल्या मातीवर पांढरट पुटं चढलीत, ती याच क्षारांची. वरून खत वाढवलंत म्हणजे क्षारांत क्षारांचीच भर पडली.

म्हणून आज खत पूर्ण बंद करा. क्षार मोजायचं छोटं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं, ते आणा आणि दोन्ही नळांचं पाणी मोजा. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी या तलावांतलं, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पडलेला पाऊसच तो. त्यात क्षार फार कमी असतात, आकडा बहुधा शंभर-दीडशेच्या आतच दिसेल. बोअरचा आकडा पाचशेच्या वर गेला असेल तर आजार सापडला असं समजा. मुंबईत उष्ण कटिबंधातली नाजूक फळझाडं लावणाऱ्याला हवेशी भांडावं लागतं, मातीशी भांडावं लागतं, पण नळाला येणारं पाणी मात्र उत्तम असतं आणि नेमकं तेच आपण झाडाला देत नाही.

दोन्ही पिशव्या सावलीत घ्या आणि पालिकेचं पाणी हळूहळू, तळातून निथळेल इतकं घाला. पिशवीत जेवढी माती आहे तिच्या तिप्पट-चौपट पाणी एका बैठकीत जाऊ द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत. त्या कापूही नका, उरलेला हिरवा भाग काम करतोय. पुढची पालवी स्वच्छ आली की समजायचं, मुळं सावरली. क्लोरीनचा फार बाऊ करू नका, बादली रात्रभर उघडी ठेवलीत तरी पुरे. आणि घरात एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, क्षार जवळपास शून्य, आणि मार्च ते मे या महिन्यांत, जेव्हा झाडाला सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच एसीही जास्त चालतो. मे-जूनमध्ये पाणीकपात लागते त्या वर्षी तर याचा मोठाच आधार.

आता माती. इमारतीच्या मागच्या जागेत वरची वीतभर माती दिसायला चांगली असते. खाली फावडं मारलं की विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे निघतात. बांधकामाच्या वेळचा राडारोडा तिथेच पसरलेला असतो. सिमेंट आणि चुना माती अल्कधर्मी करतात, तर मँगोस्टीनला हवी आम्लधर्मी, साधारण साडेपाच ते साडेसहा सामूची (सामू म्हणजे पीएच). तपासायची सोपी युक्ती: फूटभर खालची मूठभर कोरडी माती बशीत घ्या, वर चमचाभर व्हिनेगर घाला. फेस आला तर चुना आहे. अशा जागी कितीही शेणखत घातलं तरी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी लोहाच्या कमतरतेची खूण दिसत राहते. उपाय एकच, तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून सगळा राडारोडा बाहेर काढायचा. तो भरायला नर्सरीत मिळणारी कोकणची लाल माती घ्या, जांभ्याची. ती मुळातच आम्लधर्मी असते. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग अर्धवट कुजलेला पाला. ताजं शेण नको, लाकडाची राख अजिबात नको. राखेनं सामू वर जातो, आणि आपल्याकडे प्रेमानं झाडाच्या बुंध्यात राख टाकायची सवय पुष्कळांना असते.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकीच्या शत्रूशी लढतात. मँगोस्टीन मूळचा मलाया-इंडोनेशियाकडचा, विषुववृत्तालगतचा. भारतात तो जिथे नीट रुळला ती ठिकाणं म्हणजे निलगिरीच्या उतारावरचे कल्लार आणि बर्लियारचे सरकारी बाग, आणि केरळात चालकुडी नदीकाठचं परियारम. ही सगळी १० ते ११ अक्षांशांवर. मुंबई १९ वर. लोकांना वाटतं, मग इथे थंडी बाधत असेल. नाही. जानेवारीत पारा १४-१५ ला उतरला तर झाडाची वाढ थांबते, एवढंच. पाऊसही कमी नाही. सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, म्हणजे या झाडाला लागतो त्याहून पुष्कळ जास्त. गोची अशी की तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. ऑक्टोबर उलटला की पुढचे सात महिने कोरडे, आणि त्यातला सगळ्यात वाईट काळ मे नव्हे, फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात आपण घामानं निथळतो, पण तो दमटपणा मँगोस्टीनला आवडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मतलई वारे दुपारपर्यंत वाहत राहतात, खारे वारे उशिरा येतात, हवेतला ओलावा एकदम उतरतो आणि उकाड्याऐवजी भाजणारं ऊन पडतं. मार्च १९५६ मध्ये सांताक्रूझला पारा ४१.७ वर गेला होता तो अशाच वाऱ्यांत. तुमच्या रोपांच्या कडा फेब्रुवारीत करपायला लागल्या त्याचं दुसरं कारण हे: मुळाशी क्षार आणि वरून कोरडा वारा.

तेव्हा डिसेंबर ते जूनचा पहिला पाऊस एवढ्या काळात सावली आणि ओल सांभाळली की उरलेले महिने झाड स्वतःचं स्वतः बघतं. पहिली तीन-चार वर्षं निम्मी सावली हवीच. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट चालेल, पण तुमच्याकडे आंबा आहे, त्याचा उपयोग करा. अगदी त्याच्याखाली लावू नका. आंब्याची मुळं सगळं पाणी पिऊन टाकतील. त्याच्या सावलीच्या कडेला, पूर्वेच्या बाजूला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारनंतरचं आंबा अडवेल. समोर काचेची नवी इमारत असेल तर एप्रिलमध्ये एकदा दुपारी दोनला त्या जागी स्वतः उभ्या राहून बघा. काचेवरून परतलेलं ऊन थेट उन्हापेक्षा वाईट भाजतं, आणि ते सकाळी लक्षातच येत नाही.

लागवड पावसात, पण पहिल्या सरीवर नाही. जमीन नीट भिजून हवा थंडावली की, म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैत. जागा अशी निवडा की २६ जुलैसारखा पाऊस झाला तरी पाणी दिवसेंदिवस तुंबून राहणार नाही. हे झाड ओल्या पायाचं आहे, नदीकाठी वाढतं, पण वाहत्या ओलीत. गटाराच्या साचलेल्या पाण्यात नाही. खड्डा भरताना फूटभर उंचवटा करा. रोप लावताना मातीचा गोळा फुटता कामा नये. पिशवीचा तळ आधी ब्लेडनं कापा, रोप खड्ड्यात ठेवा, मग बाजूनं पिशवी चिरून वर ओढून घ्या. तळाशी सोटमूळ गोल फिरलेलं दिसलं तर तेवढंच टोक धारदार ब्लेडनं छाटा. मुळं बोटांनी मोकळी करायचा मोह टाळा. गुलाबाला जे चालतं ते इथे चालत नाही.

मग आच्छादन. नारळाची सोडणं पालथी घालून बुंध्याभोवती दोन-तीन थर, वर आंब्याचा वाळका पाला. बुंध्याला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मुंबईत या आच्छादनाची एक अडचण असते, घुशी. त्यांना अशी मऊ, ओलसर जागा फार आवडते आणि त्यांनी एका रात्रीत पोखरलेलं आळं म्हणजे उघडी पडलेली मुळं. खड्ड्याभोवती फूटभर खोल बारीक लोखंडी जाळी उभी पुरून घ्या. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कोवळा शेंडा खातात. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून. नव्या पालवीवर पानं पोखरणारी अळी येते, त्यासाठी पालवी फुटताच आणि आठवड्यानं पुन्हा कडुनिंबाच्या तेलाची हलकी फवारणी पुरते. बाकी कीड या झाडाला फार नाही.

खताचं एवढंच, की पहिल्या वर्षी काही नको. नंतर पावसाच्या आधी आणि पावसानंतर दोन घमेली जुनं शेणखत, मूठभर नीमपेंड. युरियाची मूठ कधीच नको. झाड वाढताना दिसत नाही म्हणून धीर सोडू नका. मँगोस्टीन सलग वाढत नाही. एक पालवी येते, ती पक्की होते, मग महिनोन्महिने झाड निपचित बसतं. त्या काळात लोक घाबरून काहीतरी घालतात आणि झाड गमावतात. वर्षाला दोन निरोगी पालव्या आल्या तर मुंबईच्या मानानं उत्तम चाललंय.

कोकमावर कलमाचा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. कोकम आणि मँगोस्टीन एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले, कोकम इथल्या मातीत घट्ट उभा राहतो, तेव्हा कल्पना सुचणं साहजिक आहे. पण कलम जीव धरणं वेगळं आणि पंधरा वर्षं पोसणं वेगळं. परक्या खुंटावरची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रोपाच्या मुळांवर बांधलेली, मँगोस्टीनची कलमं बहुधा खुरटतात किंवा पुढे जोडापाशी दगा देतात. भरवशाचा खुंट मँगोस्टीनच्याच रोपाचा. तसं कलम दोन-तीन वर्षं आधी फळाला येऊ शकतं, पण झाड बुटकं आणि पसरट राहतं, विशेषतः कलमाची काडी आडव्या फांदीची घेतली असेल तर. तुमच्याकडे बियांची रोपं आहेत, तीच ठेवा. त्यात एक मोठा फायदा आहे. कोकमाची बी लावली तर निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात, म्हणून तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकम अमृता आणि कोकम हातीस या जातींची कलमं लावायला सांगितली. मँगोस्टीनचं तसं नाही. त्याची बी परागीभवनाशिवाय तयार होते, रोप जवळजवळ आईसारखंच निघतं, नर झाडाची गरज नाही. एकटं झाड फळतं. मात्र कलम किंवा रोप नव्यानं विकत घेणाऱ्यांनी पानं बघून घ्यावीत: मँगोस्टीनचं मोठं पान वीतभर लांब, जाड, चामड्यासारखं, वरून गडद तकतकीत, कोकमाचं त्याच्या निम्मं आणि पातळ. पिवळ्या मँगोस्टीनची रोपंही याच नावानं खपवली जातात, त्यांची पानं फार लांब, अरुंद आणि लोंबती असतात. ‘तीन वर्षांत फळ’ अशी पाटी दिसली की पुढे चालू लागावं.

फळ कधी? उत्तम जागी बियांच्या झाडाला सात-आठ वर्षं, बहुतेक ठिकाणी दहाच्या पुढे. मुंबईत मी दहा-बारा वर्षांच्या आतला शब्द कुणाला देत नाही. आणि इथेच तुमच्या सोसायटीचा विषय येतो. पार्ल्यात इतकी जुनी इमारत पुढची बारा वर्षं उभी राहील का? पुनर्विकासाचं बोलणं सुरू असेल तर ते झाड लावण्याआधी कळलेलं बरं. या झाडाचं पुनर्रोपण कागदावर छान दिसतं, पण मुळं अशी असल्यावर मोठं झाड उचलून दुसरीकडे जगणं फार कठीण. दुसरीकडे, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे स्वतः लावलेलं झाडही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा. भिंतीपासून निदान दहा फूट सोडा. पूर्ण वाढलेलं झाड वीस-पंचवीस फूट सहज जातं. समितीच्या ठरावात एक ओळ लिहून घेतलीत तर पुढच्या समितीशी वाद नको.

फळ धरायला लागलं की मुंबईची आणखी एक खोड समोर येईल. मोहोर येण्यासाठी झाडाला तीन-चार आठवड्यांचा कोरडा ताण लागतो, तो आपल्याकडे आयता मिळतो. फूल ते पिकलेलं फळ यात तीन-चार महिने जातात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चचं फूल जूनमध्ये पिकणार, आणि तेव्हाच धो धो पाऊस. कोरड्या जमिनीवर एकदम भरपूर पाणी पडलं की फळ आतून फुटतं, पिवळा चीक गरात उतरतो, गराच्या फोडी काचेसारख्या होतात आणि चव कडवट. केरळातल्या बागाईतदारांनाही हा त्रास होतो. उपाय म्हणजे फळ सुपारीएवढं झाल्यापासून पावसापर्यंत मुळाशी ओल एकसारखी ठेवायची, म्हणजे पहिल्या पावसाचा धक्का बसत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास थोडं जिप्सम मातीत मिसळा; त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चुन्यासारखा सामू वाढत नाही. ताण देताना पाणी पूर्ण तोडू नका, कमी करा. फुलं दिसली की लगेच वाढवा. फळं हातानं तोडा, पाडू नका. हातभर उंचीवरून पडलं तरी साल तिथे दगडासारखी होते. पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकीच मिळतील. तळाशी फुलासारखी जी नक्षी असते तिच्या पाकळ्या मोजा, आत गराच्या तेवढ्याच फोडी निघतात. नातवंडांना हा खेळ फार आवडतो. बी लावायची असेल तर फळ खाल्ल्याच्या दिवशीच, मोठी बघून. वाळली की गेली.

गच्चीवर नको. ड्रममध्ये सोटमुळाला जागा नाही, गच्चीची फरशी संध्याकाळी सातलाही तापलेली असते आणि वरच्या मजल्यावर तो कोरडा वारा अडवायला काहीच नसतं. गच्चीसाठी दुर्मीळ फळच हवं असेल तर जाबोटिकाबा लावा. तो ब्राझीलचा, मुळातच लहान चणीचा, फणसासारखा थेट खोडावर फळं धरणारा. त्यालाही आम्लधर्मी माती आणि पालिकेचंच पाणी लागतं, पण ड्रममध्ये तो वर्षानुवर्षं मजेत राहतो. लाल संकरित जात घ्या, ती चार-पाच वर्षांत फळते. साबारा जातीला त्याच्या दुप्पट वेळ.

दुसऱ्या मँगोस्टीनसाठी, गाव कोकणात असेल आणि तिथे पोफळीची वाडी असेल, तर याहून चांगली जागा नाही. पोफळीची सावली, पाटाचं पाणी, लाल माती, सगळं तयार. रोप जुलैत न्या, पिशवीसकट, उभं, गाडीत पायाशी ठेवून. खिडकीच्या वाऱ्याला लागू देऊ नका. तोवर दोन्ही रोपं सावलीत, खत बंद, आणि बागेचा तो नळ पालिकेच्या लाइनवर घेता येतो का ते प्लंबरला विचारून ठेवा.